जावयाच्या नावानं दोन किलो

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना लागला. आमच्या सौ. तुळजाबाईंनी सकाळीच जाहीर केलं की महिनाभर घरात कांदा-लसूण येणार नाही, अंडं येणार नाही, आणि मी पाटोद्याला जाऊन काही खाऊन आलो तर तिला वासावरून कळेल. दहा वर्षं पंचायत समितीत काढली, पण इतकं स्पष्ट निवेदन विरोधकांनीही कधी दिलं नव्हतं.

दुपारी नंदूचा फोन आला. म्हणजे राजनंदिनी, आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्यात मणिपूरच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. नंतर इंफाळला त्यांच्या पद्धतीनंही लागलं, पण तेव्हा माझ्या निवडणुकीच्या तिकिटाचं घोंगडं भिजत पडलं होतं, म्हणून जाता आलं नाही. तिकीटही मिळालं नाही, तो भाग वेगळा. तेव्हापासून दोघं एकदाच येऊन गेले, तेही चहापुरते.

"अप्पा, आम्ही सात जूनला येतो धोंड्याला," ती म्हणाली. "मुक्काम एकच रात्र. ह्यांना इंफाळच्या कॉलेजात नोकरी लागली. दहाला निघायचंय. आता तिकडंच."

'आता तिकडंच' हे तिनं असं म्हटलं जसं कुणी म्हणावं, गाडी आता गेवराईवरून जाणार.

जावयाला धोंड्याला एक रात्र बोलवून वाटेला लावणं मला पटत नाही. मला नंदू आठ दिवस हवी आहे. आणि जावई रमला तरच लेक राहते. माणूस टिकवायचा असेल तर त्याच्या तोंडाला त्याच्या मुलखाची चव द्यावी लागते. कार्यकर्तेही मी असेच टिकवले. म्हणून विचारलं, "जावयाला काय आवडतं?"

"काही पण चालतं हो. वरणभातावर खुश."

"तसं नाही. तिकडचं काही?"

ती हसली. "आमच्याकडं रविवारी पोर्क असतं. गोडसर-खारट परतलेलं. करताल का?"

मी "करू की" म्हणालो. पोर्क म्हणजे काय ते फोन ठेवल्यावर आठवलं.

१९ मे

दोन दिवस शब्द जुळवत होतो. आज तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा विषय काढला. मुद्दे तयार होते: तिकडं थंडी असते, त्यांचं ते अन्नच आहे, पाहुण्याचं मन मोडू नये.

"डुकराचं?" ती म्हणाली.

"हो."

"नंदू म्हनली? सोताच्या तोंडानं?"

"हो."

तिनं तांदळातला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला. "मग करा. लेकरू लई दिसांनी येतंय."

ज्या बाईनं लग्नाची बातमी ऐकून चार दिवस चूल पेटवली नव्हती, ती जावयाला लेकरू म्हणाली! मुद्दे सगळे वाया गेले.

अटी मात्र घातल्या. स्वयंपाकघरात नाही, मागच्या पडवीत. शेगडी वेगळी, कढई वेगळी, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ.

२२ मे

नंदूनं मोबाइलवर कृती बोलून पाठवली. मी ती चारदा ऐकली. मांस पोटाकडचं घ्यायचं, चरबीसकट. बोटभर लांबीचे तुकडे. आलं-लसूण, सोया सॉस, मध, अननस, सिमला मिरची, वरून पांढरे तीळ. मोठ्या आचेवर परतायचं. शेवटी रस तुकड्यांना असा चिकटला पाहिजे की कढई तिरपी केली तरी वाहू नये. हे सांगताना ती मध्येच थांबली आणि आवंढा गिळल्यासारखा आवाज आला.

मी फोन करून विचारलं, "जावई स्वतः करतो का?"

"नाही, मीच करते. ते सिमला मिरची चिरून देतात आणि खिडकीपाशी जाऊन बसतात."

मला वाईट वाटलं. पोरीला वासाची सवय नाही, तरी नवऱ्यासाठी दर रविवारी करते. तो मात्र खिडकीपाशी आरामात. हॉस्टेलात असताना तिच्या खोलीत नागालँडच्या दोघी होत्या, त्यांच्याकडून शिकली म्हणे. म्हणजे जावई भेटण्याच्या आधीच शिकून ठेवलं होतं. मुलींना पुढचं दिसतं.

संध्याकाळी राधाकिशन आला होता. माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मला अजून 'सुंदर' अशी नावानं हाक मारणारा, मारुतीच्या देवळातल्या अधिक महिन्याच्या पारायणाचा अध्यक्ष. भिंतीवरचा नंदूच्या लग्नाचा फोटो त्यानं प्रथमच नीट पाहिला. जावई पांढऱ्या धोतरात, डोक्याला पांढरा फेटा, कपाळापासून नाकापर्यंत गंधाची रेघ. मागं चार माणसं गळ्यात मृदंगासारखं काही अडकवून आणि हातात टाळासारखं काही घेऊन उभी.

"हे तर आपल्या भजनी मंडळासारखं दिसतंय बे सुंदर."

"त्यांच्याकडचा बँड आहे तो," मी सांगितलं.

२४ मे, रविवार

माळावर भागवतचं वराहपालन आहे. शेतीची पदवी घेतलेला पोरगा. दोन वर्षांपूर्वी ते बंद करावं म्हणून तहसीलदारांना जे निवेदन गेलं, त्यावर पहिली सही माझी होती. लोकभावना होती, मी फक्त पुढं चालत होतो. त्यामुळे आज गाडी फाट्यावर लावून आतवर पायी गेलो.

भागवत नळीनं फरशी धूत होता. "या अप्पा. निवेदन गाडीत ठेवलं का खिशात हाय?"

"निवेदन न्हाई. बघायला आलो."

"बघा की."

बघितलं. डुकरं पांढरी, आमच्या बैलांपेक्षा स्वच्छ. वरून फवाऱ्याचं पाणी. माझ्याकडं बघून त्यांनी काहीच केलं नाही.

"माल कुठं जातो?"

"पुन्याला, हाटेलात."

"आन इकडं?"

"इकडं बी जातो थोडा."

"कोन नेतं?"

"अप्पा, गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत न्हाई. उद्या तुमचं कुनी इचारलं तरी सांगनार न्हाई."

मग नाइलाजानं म्हणालो, "किलोभर दे. जावयासाठी पायजे."

"सगळे पाव्हन्यासाठीच नेतात," भागवत म्हणाला आणि सुरी घासायला लागला. या भागात इतके बाहेरचे पाहुणे येतात हे मला माहीत नव्हतं.

२५ मे

सराव केला. फसला.

सोया सॉस पाटोद्यात चायनीजच्या गाडीवाल्याकडून घेतला. तो म्हणाला, "अप्पा, मंचुरियनचा धंदा टाकताव का? जागा दुसरीकडं बघा, इथं माजं जमलंय." मध घरात होता, पण तो देवाच्या अभिषेकाचा, म्हणून गूळ घातला. गूळ तळाला लागला. चरबी सुटत नाही म्हणून मी पाणी ओतलं. सगळं मिळून सतरंजी धुतलेल्या पाण्यासारखं दिसायला लागलं. आणि खरी अडचण शेवटी लक्षात आली: महिना अधिक, मी काही चाखू शकत नाही. मग मीठ कुणी बघायचं?

तेवढ्यात मागच्या दारातून राधाकिशन. पारायण आटोपून निघाला होता, म्हणे वास आला म्हणून वळला.

"काय शिजतंय बे?"

"मटन," मी ताबडतोब म्हणालो. "जावयासाठी. सराव करतोय."

"अधिकात?"

"मी कुठं खातोय? नुसतं करून बघतोय."

"मग मीठ कोन बघतंय?"

मी उलथनं कढईच्या कडेला टेकवलं.

"आन इकडं," तो बाजेवर बसला. "जावई तुजा एकट्याचा हाय का? भावकीच्या अब्रूचा प्रश्न हाय."

त्यानं एक तुकडा खाल्ला. डोळे मिटून चावला. मग दुसरा. "मीठ लई झालंय. सोयाबीनच्या पान्यात मीठ असतंय, वरून परत कावून घातलं? आन पानी कुनी वतायला सांगितलं? ह्याची चरबी ह्याला पुरती. आदी बारीक आचेवर सुटू दे, मग त्याच तेलात परत. कातडी कुरकुरीत झाली पायजे. गूळ शेवटाला."

मटणातलं त्याला एवढं कळतं याची मला कल्पना नव्हती. मीठ नक्की किती जास्त आहे ते ठरवायला त्यानं कढई पुसून काढली. थाप मात्र पचली. पारायणाचा अध्यक्ष डुक्कर खाऊन गेला आणि त्याला पत्ता नाही! तीस वर्षांच्या राजकारणात इतकं साधं यश मिळालं नव्हतं.

२७ मे, एकादशी

तुळजाबाई ओसरीवर बसून कुणाशी तरी मोबाइलवर तोडक्या हिंदीत बोलत होत्या. "हां बेटा, आज एकादसी है ना? तुमको भी है? हां, साबुदाना नको, भगर खाओ, पेट को हलका रहता." मी विचारलं कोण आहे. म्हणाली, "हाय एक." गॅस एजन्सीत नवीन पोरगा आलाय, उत्तरेकडचा, सिलिंडर आणताना आई-आई करतो. तोच असावा. तिला कुणालाही जेवणाचा सल्ला द्यायची सवय आहे.

मी मात्र तिला आज बोललो. म्हणालो, जावयाशी कधी चार शब्द बोलत नाहीस, परक्याशी मात्र बोलतेस.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. लागलं असेल तिला.

३१ मे, रविवार

दुसरा सराव. अननस मिळाला नाही. बीडपर्यंत कोण जाणार, म्हणून कैरी किसून घातली. गुळाशी तिचं चांगलं जमलं. चरबी राधाकिशननं सांगितली तशी सुटू दिली. कढईत तिचाच आवाज, वरून काही नाही. तुकड्यांच्या कडा तांबूस झाल्या तेव्हा मलाच हसू आलं.

तुळजाबाई पडवीच्या पायरीपर्यंत आली. नाकाला पदर, हातात वाटी. वाटीत येसर. आमच्याकडं आमटीला लावतात तो काळा मसाला, तिनं स्वतः कुटलेला.

"हे घाला चिमूटभर. नंदूला येसराबिगर गोड लागत न्हाई."

"जावयासाठी करतोय मी."

"घाला म्हनते ना. आन तिखटाला हात आखडू नका."

घातला. आईचं असंच असतं, पान जावयाचं वाढायचं असलं तरी आवड लेकीचीच आठवते. पण खरं सांगायचं तर सोया सॉस, गूळ, कैरी आणि येसर एकत्र आल्यावर जो वास सुटला, तो मणिपूरचा नव्हता, पाटोद्याचाही नव्हता. नवीनच काहीतरी होतं.

राधाकिशन मीठ बघायला आला. यावेळी घरून भाकरी घेऊनच.

"जमलंय," तो म्हणाला. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाला, "मटन जमलंय बे सुंदर."

४ जून

नंदूला फोन केला. आठ दिवस राहा असं सरळ म्हणता येईना. तीस वर्षं लोकांना जाहीर सभेत विनंत्या केल्या, पण पोटच्या पोरीला 'राहा' म्हणताना जीभ जड होते. म्हणून सामान बांधून झालं का, असं विचारलं.

"झालंय बरंच. अप्पा, ते पोर्कचं तुम्ही मनावर घेऊ नका. मी गंमत केली होती."

"गंमत कसली? दोनदा करून बी झालं."

मग एकदम, "दोनदा? आणि मला सांगितलं नाही?"

"तुला कशाला सांगू? जावयासाठी आहे."

"खरंच की," ती म्हणाली. "कसं झालं होतं? चिकटलं होतं का?"

"कढई तिरपी केली तरी हललं नाही."

तिनं ते मला पुन्हा सांगायला लावलं. मुक्काम एकच रात्र, तिकीट निघालंय, हे मात्र शेवटी सांगितलंच. आता सगळं कढईवर आहे.

७ जून, रविवार

सविस्तर लिहितो.

दहाला आले. नंदू वाळली आहे. जावई उंचीनं माझ्याएवढाच, प्रेमजित नाव, बोलणं हळू. आल्याआल्या पाया पडला, मग न सांगता अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं. मला वाटलं पाहुणा म्हणून आमचं बघून करतोय. तुळजाबाईला "आई" म्हणाला आणि ती "अरे बेटा, थक गया क्या" म्हणाली. दोन वर्षांत एकदा भेटलेली माणसं, पण बोलणं रोजच्यासारखं.

दुपारी पाट मांडले. ओवाळलं, वाण दिलं. तुळजाबाईनं पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. जावई मांडी घालून, मान खाली घालून जेवायला लागला. धोंड्यामागून धोंडा. "आई, अजून एक," हे त्याला मराठीत येतं. तुळजाबाईचा चेहरा असा होता की गावातल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवावा.

मला धीर धरवेना. मी पडवीतून कढई उचलून दाराशी आणली. वर तीळ टाकले होते, वाफ होती. "जावईबापू," मी म्हणालो, "ये देखो. आपके लिए. मैंने खुद बनाया."

तो पाटावरून उठला, दाराशी आला, कढईत वाकून बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"बाबा, आपने बनाया? इतनी मेहनत की? पर मैं नहीं खाता।"

"शरमाओ मत."

"नहीं बाबा. हम लोग वैष्णव हैं. घर में मछली होती है, मांस नहीं. और अभी तो अधिक मास है, मछली भी बंद."

शर्टाच्या गळ्यातून तुळशीची बारीक माळ दिसली. मी तुळजाबाईकडं बघितलं. ती धोंड्यावर तूप सोडत होती, जावयाचा पाट रिकामा असूनही.

कढई माझ्या हातात. वैष्णव जावयाला अधिक महिन्यात डुक्कर! ही गोष्ट बाहेर पडली तर पुढच्या निवडणुकीत मला भाषण करायची गरजच नव्हती. आणि आता हा आठ दिवस कशाला, आठ तास तरी राहील का?

तेव्हा नंदू उठली. "आणा इकडं," म्हणाली. कढई घेतली, पडवीत गेली, शेगडीजवळच्या पाटावर बसली आणि भाकरी मोडून खायला लागली.

पोरीनं बापाची लाज राखली. असली वस्तू आम्ही तिला कधी दाखवलीही नाही, पण बापानं राबून केलेलं टाकून जाऊ नये म्हणून मन घट्ट करून खाल्लं. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा माझ्याकडं न बघता घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तिखट झालंय का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"येसर हाय त्यात," तुळजाबाई पायरीवरून म्हणाली. "सावकाश खा. कुनी न्हेत न्हाई."

जावई लिंबाची फोड आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला, तिच्या शेजारी ठेवला आणि दोन पावलं लांब खिडकीपाशी जाऊन बसला. भला माणूस. नंदूचे कष्ट त्यालाही बघवत नव्हते.

८ जून

पहाटे दात घासायला मागं गेलो. कडुलिंबाच्या आड होतो. पडवीत नंदू उकिडवी बसली होती, पुढं कालची कढई. तळाला चिकटलेलं, थंड, गोठलेल्या चरबीतलं ती बोटानं खरवडून खात होती. बोटं चाटत होती.

मी तिथंच उभा राहिलो. लाज राखायला कुणीतरी बघत असावं लागतं. तिथं कोणी नव्हतं.

रविवारी कोण करतं, कोण खिडकीपाशी बसतं, हॉस्टेलात कोण काय शिकलं, फोनवर आवंढा कशासाठी गिळला गेला, सगळं एकेक करून आठवलं. गॅस एजन्सीतल्या पोराचंही आठवलं. मी खाकरलो नाही. मागच्या मागं फिरून पुढच्या दारानं आत आलो आणि मोठ्यानं विचारलं, "चहा झाला का?"

चहा पिताना नंदू म्हणाली, "अप्पा, ह्यांना जाऊ द्या सामान घेऊन. मी सोळाला विमानानं जाते. राहू का आठ दिवस?"

मी म्हणालो, "तुझं घर आहे." एवढंच जमलं. तुळजाबाईंनी माझ्या बशीत न मागता आणखी चहा ओतला.

८ जून, रात्री

जावयाला पाटोद्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. गावातलं काय लपतं? चायनीजच्या गाडीवाल्यानं सोया सॉसचं सांगितलं असेल, माझी गाडी फाट्यावर उभी असलेली कुणी बघितली असेल. स्टँडवर उत्तरेश्वर भेटला, आमच्या वॉर्डातला मेंबर. जावयाकडं बघून दात काढत म्हणाला, "काय पाव्हनं, सासऱ्यानं खास मेजवानी केली म्हनं. माळावरची. पोटभर खाल्लं का?"

मी तोंड उघडणार, इतक्यात जावई हसला. "हाँ, बहुत खाया."

उत्तरेश्वर गेल्यावर मी म्हणालो, "झूठ क्यों बोला? तुम तो छूते भी नहीं."

"बाबा, मैं तो जा रहा हूँ. मुझे क्या फरक पड़ता है. नंदिनी को यहाँ रहना है।" मग बॅग खांद्यावर घेऊन म्हणाला, "वहाँ माँ के घर में लहसुन भी नहीं आता. नंदिनी कुछ बोलेगी नहीं, पर वहाँ उसको ये नहीं मिलेगा. आप खिला दीजिए."

एसटी सुटेपर्यंत मी उभा होतो. गर्दी होती म्हणून त्याला खिडकीशी जागा मिळाली नाही याचं मला वाईट वाटलं.

माझी लेक सासरी चाललीय, जिथं सकाळी तुळशीला पाणी, एकादशीला उपास आणि घरात टाळ-मृदंग. असं स्थळ मी स्वतः शोधलं असतं तर सबंध तालुक्याला पेढे वाटले असते. आणि तिला माहेरी यावं लागणार डुक्कर खायला.

१२ जून

तुळजाबाई म्हणाली, "भागवतकडून आना."

"जावई तर गेला."

"मी काय जावयाचं बोलले का?"

भागवतनं विचारलं, "पाव्हनं गेले म्हनं एसटीनं?" मी म्हणालो, "त्यांच्यासाठीच. पार्सल पाठवायचंय." भागवत म्हणाला, "मनिपूरला? या उन्हाळ्यात?" आणि पुढं काही न बोलता तोलून दिलं. गिऱ्हाइकाला तो खरंच काही विचारत नाही.

नंदूनं केलं, मी कैरी किसून दिली. ती म्हणाली, "अप्पा, गूळ मधापेक्षा चांगला लागतो." मी म्हणालो, "मला काय माहीत, मी खात नाही." ती म्हणाली, "ह्यांच्यासारखंच बोलताय." यावर दोघंही हसलो. बाकी काही विचारलं नाही मी. तिनंही सांगितलं नाही.

१५ जून

अमावस्या. अधिक महिना संपला. सकाळी पारायणाची समाप्ती, राधाकिशननं अध्यक्ष म्हणून संयमाच्या महत्त्वावर भाषण केलं. चांगलं बोलला.

दुपारी तुळजाबाईचा उपास होता. ती म्हणाली, "माजा महिना देवाला वाहिला, तुमचा काही वाहिलेला न्हाई. बसा तिच्यासंगं." म्हणून मी पडवीत नंदूसमोर बसलो. पहिला तुकडा तिनंच माझ्या ताटात टाकला. आधी गोड लागलं, मग आंबट, मग येसर घशात उतरला, आणि शेवटी ती कुरकुरीत कडा. महिनाभर डोळ्यांदेखत झालेली वस्तू, आणि चव काही ओळखीची नव्हती. मी भाकरी मागून घेतली.

"कसं झालंय?" नंदूनं विचारलं. कृती तिची, हात माझा, मसाला तुळजाबाईचा. कुणाचं नाव घ्यावं? मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे."

मागच्या दारातून राधाकिशन आला, हातात स्वतःची ताटली. "जावई गेला. वाया जाईल म्हनून आलो."

"बसा काका," नंदू म्हणाली.

"मटनच हाय ना बे?" त्यानं मला विचारलं.

"मटनच," मी म्हणालो.

नंदू ताटात बघून खोकायला लागली. तिला मी नंतर समजावलं, त्याला खरं सांगू नकोस, अध्यक्ष माणूस आहे, मनाला लावून घेईल. ती म्हणाली, "नाही सांगत अप्पा. तुम्ही काळजी करू नका." आणि पुन्हा खोकली.

१६ जून

नंदूला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. रात्रीचं विमान आहे. पिशवीत येसर, अनारसे, तुळजाबाईनं विहिणीसाठी दिलेली साडी. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "अप्पा, दिवाळीला येते. ह्यांना सुट्टी मिळो न मिळो, मी येते."

परतताना फाट्यावर गाडी न लावता थेट माळावर नेली. भागवत नळी घेऊन उभा होता. सोबत दोन गडी होते, आणि कुणाचा तरी टेम्पो भरत होता.

"दिवाळीत दोन किलो धरून ठेव," मी म्हणालो. "पोटाकडचं."

"ठेवतो की. जावई येनार?"

टेम्पोवाला आमच्या गावचाच निघाला. ऐकत होता.

"त्याचं काय ठरलं न्हाई," मी म्हणालो. "लेक येनार हाय. तिलाच लागतं."

भागवतनं नळी बंद केली. "मग तीन धरतो," म्हणाला.